नायट्रोजनची एकाकी जोडी कुठे गुंतली आहे, ते आधी बघ

बारावी सायन्सच्या एका मुलीने विचारलं आहे: "दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. अमाइन्सचा धडा तीनदा पाठ केला आणि तिन्ही वेळा विसरले. ॲनिलीन मिथाइलअमाइनपेक्षा इतकं कमी बेसिक का? पाण्यात बेसिकपणाचा क्रम मध्येच का बिघडतो? ॲनिलीनच्या नायट्रेशनमध्ये मेटा पदार्थ कुठून येतो? डायझोटायझेशन बर्फातच का करायचं? आणि हे सगळं लक्षात कसं ठेवायचं?"

मी रंगांसाठी लागणारी इंटरमीजिएट्स बनवणाऱ्या कारखान्यांत तेवीस वर्षं काम केलं, आता बीएस्सीच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेते. अमाइन्सवर, म्हणजे अमोनियातल्या हायड्रोजनच्या जागी कार्बनाचा गट आलेल्या संयुगांवर, माझं घर चाललं आणि हा विषय मला अजूनही मनापासून आवडतो, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

अगं, तुझे पहिले चार प्रश्न चार नाहीतच, तो एकच प्रश्न आहे. नायट्रोजनच्या बाहेरच्या कक्षेत पाच इलेक्ट्रॉन असतात. तीन बंधांत जातात आणि दोन उरतात. ही उरलेली जोडी म्हणजे वर्गात ज्याला लोन पेअर म्हणतात ती. मी तिला एकाकी जोडी म्हणेन. ही जोडी मोकळी आहे की कुठे गुंतली आहे, एवढं प्रत्येक रेणूत बघायला शिकलीस की पाठ करायला फार थोडं उरतं. मला हे पुस्तकातून कळलं नव्हतं, परीक्षानळीतून कळलं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

परीक्षानळीत थोडं पाणी घेऊन त्यात ॲनिलीनचे आठ-दहा थेंब सोड. हे कॉलेजच्या प्रयोगशाळेतच, हातमोजे घालून आणि शिक्षक समोर असताना करायचं. ताजं ऊर्ध्वपातन केलेलं ॲनिलीन जवळजवळ बिनरंगी असतं. बाटलीत बरेच दिवस राहिलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे काळ्या चहासारखं तपकिरी होतं. तुमच्या कपाटात बहुधा तेच असेल, तरी चालेल. थोडंसं पाण्यात विरघळतं, बाकीचं तेलासारखं तळाशी जाऊन बसतं, कारण ते पाण्यापेक्षा किंचित जड आहे. आता विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंब थेंब घाल आणि नळी हलवत राहा. बघता बघता तळाचं तेल नाहीसं होतं आणि नळीत एकजीव द्रावण दिसू लागतं. मग सोडियम हायड्रॉक्साइड घाल. द्रावण एकदम दुधट होतं, त्या दुधातून बारीक थेंब सुटतात, एकमेकांना चिकटतात आणि तेच तेल पुन्हा नळीत हजर होतं. तोच वासही परत येतो.

काय घडलं? आम्लातल्या हायड्रोजन आयनाला इलेक्ट्रॉन नसतात. नायट्रोजनने आपली एकाकी जोडी त्याच्याशी वाटून घेतली आणि ॲनिलिनियम आयन तयार झाला. आयनावर धन प्रभार आहे, पाण्याचे रेणू त्याला घेरतात, म्हणून तो विरघळला. हायड्रॉक्साइडने तो हायड्रोजन काढून घेतला, जोडी पुन्हा मोकळी झाली आणि ॲनिलीन पाण्याबाहेर पडलं. कारखान्यात हजारो लिटरच्या भांड्यात अमाइन शुद्ध करताना आम्ही हेच करायचो: आम्ल घालून पाण्यात ओढायचं, न विरघळणारा कचरा वेगळा काढायचा, मग अल्कली घालून परत मिळवायचं. बेसिक असणं म्हणजे एवढंच, आपली एकाकी जोडी दुसऱ्याला देण्याची तयारी.

घरातही तू हे रोज बघतेस. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो, त्याला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि ट्रायमिथाइलअमाइन उरतं. ते साधारण ३ अंश सेल्सियसलाच उकळतं, म्हणजे आपल्या हवेत ते वायूच, सरळ नाकापर्यंत पोचतं. कोकणात बांगड्याला लिंबू चोळतात किंवा आगळ लावून ठेवतात, तेव्हा त्यातलं आम्ल एकाकी जोडीला हायड्रोजन देतं, अमाइनचा क्षार होतो आणि क्षार काही उडून नाकात जात नाही. वास कमी होतो तो यामुळे. आजीला एकाकी जोडीचं नाव माहीत नसेल, पण उपाय तिला पक्का माहीत आहे.

तंबाखूत चुना मळतात, तिथे हीच क्रिया उलटी चालते. पानात निकोटीन बरंचसं क्षाराच्या रूपात असतं. चुन्यातलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड त्याचा हायड्रोजन काढून घेतं, मोकळं निकोटीन सुटतं आणि प्रभार नसल्यामुळे ते गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात उतरतं. चुन्याने तंबाखू "लागते" म्हणतात, ती अशी. तुझ्या घरात कुणी तंबाखू मळत असेल तर हे त्यांना जरूर सांग, कारण व्यसन पक्कं करण्यात त्या बोटभर चुन्याचा मोठा वाटा आहे.

आता घरातला औषधांचा डबा उघड. सेटिरिझिन हायड्रोक्लोराइड, मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड, क्लोरफेनिरामिन मॅलिएट. या प्रत्येक नावात मागे एक बेसिक नायट्रोजन आहे आणि त्याला आम्ल जोडून क्षार केलेला आहे, कारण क्षार टिकतो चांगला आणि पाण्यात विरघळतोही. मग पॅरासिटामॉलच्या पट्टीवर हायड्रोक्लोराइड का नसतं? त्यातही नायट्रोजन आहे. आणि डायक्लोफेनॅकच्या पट्टीवर चक्क सोडियम लिहिलेलं असतं, म्हणजे ते औषध क्षार करताना आम्लासारखं वागतं. त्यातही नायट्रोजन आहेच. इथे तुझा पहिला प्रश्न सुरू होतो.

सायक्लोहेक्झिलअमाइन आणि ॲनिलीन, दोन्हींत सहा कार्बनांचं कडं आणि त्यावर एक अमिनो गट. फरक एवढाच की ॲनिलीनचं कडं बेंझीनचं आहे. तुमच्या पुस्तकात पीकेबीचा तक्ता आहे. तो आकडा जितका लहान तितकं अमाइन जास्त बेसिक. सायक्लोहेक्झिलअमाइनचा पीकेबी ३.३४, ॲनिलीनचा ९.३८. हे लॉगचे आकडे आहेत, म्हणून सहाचा फरक म्हणजे सहापट नाही, दहा लाख पट. एका बेंझीन कड्याने बेसिकपणा दहा लाख पटींनी पाडला! मिथाइलअमाइनशी (३.३८) तुलना केलीस तरी उत्तर जवळपास तेच.

कारण असं की बेंझीनच्या कड्यावर पाय (π) इलेक्ट्रॉनांचा ढग आहे आणि नायट्रोजनची एकाकी जोडी त्या ढगात मिसळते. ती नायट्रोजनवर पूर्ण वेळ नसतेच. थोडी ऑर्थो (शेजारच्या) कार्बनांवर, थोडी पॅरा (अगदी समोरच्या) कार्बनावर पसरलेली असते. पसरल्यामुळे रेणू स्थिर होतो. हायड्रोजन आयनाला जोडी द्यायची तर हे स्थैर्य सोडावं लागतं, आणि रेणू ते सहजी सोडत नाही. रेझोनन्सच्या त्या पाच आकृत्या तू पाठ केल्या असशील. त्या काढच, पण प्रत्येक आकृती काढताना मनात म्हण: जोडी आता इथे आहे, म्हणून नायट्रोजनवर नाही.

पॅरा जागेवर नायट्रो गट लावला तर तो ही जोडी आणखी ओढून घेतो. पॅरा-नायट्रोॲनिलीनचा पीकेबी १३ च्या आसपास जातो. याचा त्रास मला नोकरीत प्रत्यक्ष झालेला आहे. साधं ॲनिलीन विरल आम्लात लगेच विरघळतं, पण पॅरा-नायट्रोॲनिलीनची पिवळी पूड त्याच आम्लावर नुसती तरंगत राहते. तिला तीव्र आणि गरम आम्लात विरघळवायचं, मग ते द्रावण एकदम बर्फावर ओतायचं म्हणजे अगदी बारीक कणांचा लगदा मिळतो, आणि पुढची क्रिया त्या लगद्यावर झटपट करायची. तक्त्यातल्या ९ आणि १३ या दोन आकड्यांमधला फरक हातांना असा कळतो.

पॅरासिटामॉलकडे परत ये. त्यात नायट्रोजन कार्बोनिल गटाला जोडलेला आहे, म्हणजे ते अमाइड. कार्बोनिलचा ऑक्सिजन जोडी इतक्या जोराने खेचतो की अमाइडचा नायट्रोजन पाण्यात बेसिक राहतच नाही. म्हणून हायड्रोक्लोराइड नाही. प्रथिनांतल्या पेप्टाइड बंधात हीच व्यवस्था असते. जोडी कार्बन आणि नायट्रोजन यांच्यामध्ये पसरल्यामुळे तो बंध अर्धवट दुहेरी होतो, सहज फिरत नाही आणि चपटा राहतो. प्रथिनांच्या घड्या पडतात त्या या ताठरपणाच्या आधाराने. डायक्लोफेनॅकमध्ये नायट्रोजन दोन बेंझीन कड्यांच्या मध्ये अडकला आहे, दोन्ही कडी जोडी वाटून घेतात. त्यामुळे नायट्रोजन जवळजवळ निकामी, आणि रेणूत दुसरीकडे असलेला कार्बोक्झिलिक आम्लाचा गट सोडियमचा क्षार करून देतो. सांग बरं, पाठ करण्यासारखं यात काय होतं?

निकोटीनमध्ये तर दोन नायट्रोजन आहेत. एक पाच अणूंच्या संपृक्त कड्यात, सगळे बंध एकेरी, जोडी पूर्ण मोकळी. तो चांगला बेसिक. दुसरा पिरिडीनच्या कड्यात. पिरिडीनची जोडी कड्याच्या ढगात सामील नसते, कड्याच्या पातळीत बाहेर तोंड करून बसलेली असते, म्हणून ती देता येते. पण ती एसपी-टू ऑर्बिटलमध्ये असल्याने केंद्रकाच्या जास्त जवळ, जास्त घट्ट धरलेली असते. म्हणून पिरिडीन साध्या अमाइनपेक्षा बरंच कमी बेसिक. चुना जो हायड्रोजन काढतो तो पहिल्या नायट्रोजनवरचा. पिरोलमध्ये मात्र जोडी कड्याच्या सहा इलेक्ट्रॉनांत मोजलेली असते. ती दिली की ॲरोमॅटिकपणाच जातो, म्हणून पिरोल बेसिक नाही. पिरिडीन आणि पिरोल ही दोन नावं शेजारी शेजारी लिहून दोन्हींची जोडी कोणत्या दिशेला आहे ते एकदा काढ. पुढे बीएस्सीला फार उपयोग होईल.

आता पाण्यातला क्रम. मिथाइल गट इलेक्ट्रॉन पुढे ढकलतात, म्हणून जितके मिथाइल जास्त तितकी जोडी द्यायला सोपी, असा तुझा तर्क असणार. तर्क बरोबर आहे. वायू अवस्थेत, जिथे पाणी नाही, तिथे क्रम अगदी तसाच येतो: ट्रायमिथाइल, मग डायमिथाइल, मग मिथाइल, शेवटी अमोनिया. पाण्यात मात्र दुसरी एक गोष्ट मोजावी लागते. हायड्रोजन घेतल्यावर जो धन आयन होतो, त्याला पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी सांभाळतात. मिथाइलअमाइनच्या आयनावर असे धरायला तीन हायड्रोजन आहेत, डायमिथाइलच्या आयनावर दोन, ट्रायमिथाइलच्या आयनावर एकच. म्हणजे मिथाइल वाढले की जोडी द्यायला सोपी, पण दिल्यावर झालेल्या आयनाला पाण्याचा आधार कमी. दोन्हींचा ताळमेळ मधल्यावर जमतो. डायमिथाइलअमाइन ३.२७, मिथाइलअमाइन ३.३८, ट्रायमिथाइलअमाइन ४.२२, अमोनिया ४.७५. इथाइलमध्ये पहिला नंबर पुन्हा मधल्याचाच, डायइथाइल ३.००, पण खाली ट्रायइथाइल (३.२५) आणि इथाइल (३.२९) यांची अदलाबदल होते, कारण इथाइल गट इलेक्ट्रॉन जरा जास्त ढकलतो.

या क्रमावर परीक्षेत हमखास प्रश्न येतो, म्हणून मुलं त्यावर रात्री घालवतात. माझं मत स्पष्ट सांगते: याला तू जितकं महत्त्व देतेस तितकं ते नाही. हे फरक एखाद्या युनिटचे, काही तर दशांशातले. ॲनिलीनची घसरण सहा युनिटांची. "दोन्हींत मधला पहिला, मिथाइलमध्ये शेवटी ट्राय, इथाइलमध्ये शेवटी मोनो, अमोनिया सगळ्यांच्या मागे" एवढं लक्षात ठेव आणि वेळ ॲनिलीनला दे.

ॲनिलीनच्या नावातच आपली नीळ आहे, हे तुला कुणी सांगितलं आहे का? १८२६ मध्ये उन्फरडोर्बेन याने नीळ तापवून तिच्या वाफेतून हा तेलकट पदार्थ पहिल्यांदा मिळवला. १८३४ मध्ये रुंगे याला तोच डांबरात सापडला, पण तो तोच आहे हे त्याला माहीत नव्हतं. १८४० मध्ये फ्रिट्शे याने नीळ आणि अल्कली यांच्यापासून तो बनवला आणि नाव दिलं ॲनिलीन. पोर्तुगीज भाषेत निळीला अनिल म्हणतात, तो शब्द अरबीतून गेलेला, आणि अरबीत तो गेला संस्कृत नील या शब्दावरून. १८४३ मध्ये हॉफमन याने दाखवून दिलं की हे सगळे पदार्थ एकच आहेत. त्याचाच विद्यार्थी पर्किन, वय १८, १८५६ मध्ये क्विनीन बनवण्याच्या धडपडीत होता आणि अशुद्ध ॲनिलीनपासून हाती आला जांभळा रंग. कृत्रिम रंगांचा उद्योग तिथून उभा राहिला आणि पुढे त्याच उद्योगाने निळीची शेती संपवली. आपल्याकडे रसायनी येथे हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी उभी राहिली ती नायट्रोबेंझीन आणि ॲनिलीन यांसारखी मूळ रसायनं देशात बनावीत म्हणूनच.

नायट्रेशनकडे, म्हणजे कड्यावर नायट्रो गट बसवण्याकडे, वळू. एकाकी जोडी कड्यात पसरते, म्हणून ॲनिलीनचं कडं इलेक्ट्रॉनांनी भरलेलं असतं, तेही ऑर्थो आणि पॅरा जागांवर. ब्रोमीनचं पाणी नुसतं घातलं तरी तिन्ही जागा भरतात आणि २,४,६-ट्रायब्रोमोॲनिलीनचा पांढरा साका बसतो. उत्प्रेरकाची गरजच पडत नाही. मग नायट्रेशनमध्ये ४७ टक्के मेटा (एक कार्बन सोडून पुढच्या जागेचं) कुठून आलं? आम्लातून आलं. नायट्रेशनचं मिश्रण म्हणजे तीव्र सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल. त्यात ॲनिलीन पडलं की पहिल्या नळीत झालं तेच होतं: नायट्रोजन आपली जोडी हायड्रोजनला देतो आणि ॲनिलिनियम बनतो. आता कड्याला द्यायला त्याच्याकडे जोडी उरलीच नाही, उलट धन प्रभारामुळे तो कड्यातले इलेक्ट्रॉन ओढतो. इलेक्ट्रॉन देणारा गट क्षणात घेणारा झाला, आणि असे गट मेटा जागेकडे पाठवतात. पुस्तकातले आकडे पॅरा ५१, मेटा ४७, ऑर्थो २ टक्के असे आहेत. पॅराचा काही भाग मोकळ्या राहिलेल्या मोजक्या ॲनिलीनमधून येतो, कारण ते फार जलद क्रिया करतं. काही भाग ॲनिलिनियममधूनही येतो. शिवाय नायट्रिक आम्ल कड्याचं ऑक्सिडेशन करतं आणि भांड्यात काळा डांबरासारखा चिखल साठतो, तो वेगळाच.

उपाय काय? जोडीला दुसरीकडे थोडं गुंतवायचं. ॲसिटिक ॲनहायड्राइड वापरून ॲनिलीनचं ॲसिटॅनिलाइड करायचं. आता ते अमाइड झालं, जोडीचा काही हिस्सा कार्बोनिलकडे गेला, त्यामुळे ती आम्लातल्या हायड्रोजनच्या हाती लागत नाही. पण कड्याला देण्याइतकी अजून शिल्लक आहे. नायट्रेशन होतं, मुख्यतः पॅरा मिळतं, शेवटी जलअपघटन करून ॲसिटिल गट काढून टाकायचा. फ्रीडेल-क्राफ्ट्स क्रिया (ॲल्युमिनियम क्लोराइड वापरून कड्यावर कार्बनाचा गट बसवणं) ॲनिलीनवर का होत नाही, हेही आता तू स्वतः सांगू शकशील. ॲल्युमिनियम क्लोराइडला इलेक्ट्रॉनांची भूक आहे आणि समोर एकाकी जोडी आहे.

डायझोटायझेशनवर, म्हणजे अमाइनपासून डायझोनियम क्षार बनवण्यावर, जरा जास्त थांबते, कारण माझी सगळी उमेदवारी त्या टाकीजवळ गेली.

ॲनिलीन, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम नायट्राइट, तापमान ० ते ५ अंश सेल्सियस. नायट्राइट आणि आम्ल मिळून नायट्रस आम्ल होतं, त्यातून नायट्रोसोनियम आयन. मोकळ्या ॲनिलीनची एकाकी जोडी त्याला पकडते, पाणी निघून जातं आणि उरतो डायझोनियम आयन: कड्याला लागलेले दोन नायट्रोजन, त्यांच्यात तिहेरी बंध आणि वर धन प्रभार. हा आयन नायट्रोजन वायू होऊन निघून जायला टपलेला असतो, कारण नायट्रोजनचा रेणू निसर्गातल्या सर्वांत स्थिर रेणूंपैकी एक. साध्या अल्किल अमाइनमध्ये त्याला धरून ठेवणारं काहीच नाही, म्हणून इथाइलअमाइनवर नायट्रस आम्ल घातलं की थंडीतही बुडबुडे सुटतात आणि अल्कोहोल मिळतं. बेंझीनचं कडं मात्र आपले इलेक्ट्रॉन देऊन त्याला थोडा वेळ सावरतं. बर्फ लागतो तो या थोड्या वेळासाठी. तापमान चढलं की वायू फेसाळत बाहेर, आणि पाण्याशी क्रिया होऊन भांड्यात फिनॉल. कोरडे डायझोनियम क्षार तर स्फोटक असतात. ते द्रावणातच ठेवायचे, बनवले की लगेच वापरायचे, गाळणकागदावर वाळत ठेवायचे नाहीत. हे मी प्रत्येक बॅचच्या मुलांना पहिल्याच दिवशी निक्षून सांगते.

एका कारखान्यात नवी असतानाची गोष्ट. रबर लायनिंगची टाकी, तिच्यात आम्लातलं अमाइन, आणि कामगार बर्फाच्या लाद्या फोडून आत टाकत होते. नायट्राइटचं द्रावण वरून बारीक धारेने सुरू. माझं काम दोन कागद दाखवण्याचं. काँगो रेड कागद निळा झाला पाहिजे, म्हणजे आम्ल पुरेसं आहे. स्टार्च-आयोडाइड कागदावर निळा डाग यायला लागला की नायट्राइट जरा जास्त झालं, म्हणजे सगळं अमाइन संपलं. मी तापमानाकडे आणि स्टार्च कागदाकडे डोळे लावून बसले होते, काँगोचा कागद अर्धा तास बुडवलाच नाही. टाकीवर पिवळा गाळ दिसायला लागला तेव्हा बुडवला, तर तो लालच. आम्ल मोजताना कमी पडलं होतं. बॅच वाया गेली.

आमच्या वरिष्ठांनी मला रागावण्याआधी कागद-पेन्सिल दिली आणि गाळ काय असेल ते काढायला लावलं. आम्ल कमी म्हणून बरंच अमाइन मोकळं राहिलं. मोकळं म्हणजे एकाकी जोडी मोकळी. टाकीत धन प्रभाराचा डायझोनियम तयार होत होता. त्या जोडीने त्यालाच पकडलं आणि डायझोअमिनो संयुग झालं, तोच पिवळा गाळ. पुस्तकात "आम्ल अडीच ते तीन मोल घ्या" असं असतं. एक मोल नायट्राइटमधून नायट्रस आम्ल सोडवायला, एक मोल डायझोनियमच्या क्लोराइडसाठी, आणि वरचं उरलेलं हे न संपलेल्या अमाइनच्या जोड्या बांधून ठेवण्यासाठी. ते वरचं अर्धं मोल मी त्या दिवसानंतर कधी विसरले नाही. नायट्राइट जास्त झालं तर सल्फॅमिक आम्ल घालून मोडायचं, तेही तिथेच शिकले.

पुढे कपलिंग, म्हणजे डायझोनियमला दुसऱ्या कड्याशी जोडून रंग बनवणं. डायझोनियम हा कमजोर इलेक्ट्रोफाइल (इलेक्ट्रॉन शोधणारा) आहे, साध्या बेंझीनला तो हात लावत नाही, इलेक्ट्रॉनांनी भरलेलं कडं मागतो. फिनॉल किंवा बीटा-नॅफ्थॉल सौम्य अल्कलीत घ्यायचं, म्हणजे ते आयन होऊन जास्त इलेक्ट्रॉन पुरवतं. अमाइनशी जोडायचं असेल तर सौम्य आम्लात, कारण तीव्र आम्लात अमाइनची जोडी बांधली जाते आणि कड्याला काही मिळत नाही. बीटा-नॅफ्थॉलच्या द्रावणात डायझोचे पहिले थेंब पडतात तो क्षण नीट बघ. थेंब जिथे पडतो तिथे शेंदरी लाल ढग फुटतो आणि काही सेकंदांत नळीभर पसरतो. ग्रीस याने डायझो संयुगं १८५८ मध्ये शोधली. आज कापडावर दिसणाऱ्या रंगांत ॲझो रंगांचा वर्ग सर्वांत मोठा आहे.

अमाइन बनवण्याच्या पद्धती थोडक्यात. अमोनियावर अल्किल हॅलाइड टाकलं तर भेसळ मिळते, कारण तयार झालेलं अमाइन अमोनियापेक्षा जोडी द्यायला जास्त उत्सुक, ते पुन्हा हॅलाइडवर धावतं. गॅब्रिएल पद्धतीत नायट्रोजनला दोन कार्बोनिलांत बांधून ही धाव थांबवतात, म्हणून फक्त प्राथमिक अमाइन मिळतं. ॲनिलीन मात्र या मार्गाने मिळत नाही, कारण बेंझीनवरचं हॅलोजन असं सहज निघत नाही. हॉफमन ब्रोमामाइड क्रियेत एक कार्बन कमी होतो, तो कार्बोनेट होऊन जातो. नायट्रोचं क्षपण लोखंड आणि थोड्या हायड्रोक्लोरिक आम्लाने करतात; आम्ल थोडंच पुरतं, कारण तयार झालेलं फेरस क्लोराइड पाण्याशी क्रिया करून आम्ल परत सोडतं.

नावांत एक फसगत नेहमी होते. प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक हे अल्कोहोलमध्ये कार्बनावरून ठरतं, अमाइनमध्ये नायट्रोजनला किती कार्बन जोडले त्यावरून. म्हणून टर्शरी-ब्युटाइल अल्कोहोल तृतीयक, पण टर्शरी-ब्युटाइलअमाइन प्राथमिक. उत्कलनांकाचं म्हणशील तर तीन कार्बनांची तीन भावंडं घे: प्रोपाइलअमाइन सुमारे ४८ अंशांना उकळतं, इथाइलमिथाइलअमाइन ३७ च्या आसपास, ट्रायमिथाइलअमाइन ३ ला. नायट्रोजनवरचे हायड्रोजन दोन, एक, शून्य, आणि त्या प्रमाणात आपसातले हायड्रोजन बंध.

प्रॅक्टिकलला दोन गोष्टी सांभाळ. ॲनिलीन त्वचेतून शरीरात शिरतं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही; ओठ आणि नखं निळसर पडतात. हातावर सांडलं तर लगेच साबण-पाण्याने धू आणि शिक्षकांना सांग, लाजू नकोस. प्राथमिक अमाइन ओळखण्याची कार्बिलअमाइन चाचणी फक्त फ्यूम हूडमध्ये, एक-दोन थेंबांवर करायची, आणि नळी धुण्याआधी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालून आतलं आयसोसायनाइड मोडायचं.

लक्षात कसं ठेवायचं, हा तुझा शेवटचा प्रश्न. रेणू समोर आला की तीन गोष्टी विचार: नायट्रोजनची जोडी कुठे आहे, ती कोण ओढतंय, आणि भांड्यात आम्ल आहे का. मी तुला एक रेणू देते, त्यावर करून बघ. दाताच्या डॉक्टरकडे बधिर करण्याचं इंजेक्शन देतात ते लिग्नोकेन हायड्रोक्लोराइड. त्यात दोन नायट्रोजन आहेत: एक अमाइडचा, बेंझीन कड्याला लागून, आणि दुसऱ्यावर दोन इथाइल गट. हायड्रोजन कोणत्या नायट्रोजनवर बसला असेल ते आधी ठरव. त्या आयनाचा पीकेए ७.९ आहे (पीकेए हवा असेल तर १४ मधून पीकेबी वजा करायचा). शरीरातल्या ७.४ या पीएचला साधारण चौथा हिस्सा मोकळ्या जोडीचा असतो, आणि मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरतो तो फक्त तेवढाच. हिरडीत पू झाला असेल तर तिथला पीएच खाली घसरतो. मोकळा हिस्सा किती उरेल ते काढ, म्हणजे पू झालेल्या दाताला इंजेक्शन नीट का लागत नाही याचं एक मोठं कारण तुला तुझ्याच आकडेमोडीत दिसेल.